कोंडवाड्यातली पुस्तकं मृगाच्या आधी बाहेर काढा

प्रति,
सरपंचताई, उपसरपंच व सर्व सदस्य, ग्रामपंचायत
आणि वाचनालयाचं संचालक मंडळ

सप्रेम नमस्कार.

ताई, हे पत्र तुमच्या घरी येऊन हातात देता आलं असतं. आपली घरं दोन गल्ल्या सोडून आहेत, बचत गटात आपण एकाच सतरंजीवर बसतो. तरी ते सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण वाचनालयाचं जे झालं ते तुमच्या-माझ्यातलं नाही. ते गावाचं आहे. आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या या गावासारखंच थोड्याफार फरकानं दुसऱ्या गावांतही चाललं असेल, त्यांनीही वाचावं असं वाटतं.

गेल्या सोमवारी दुपारी मी चक्कीवर दळण घेऊन चालले होते. वाचनालयाचं दार सताड उघडं दिसलं म्हणून डोकावले. दोन पोरं युरियाच्या रिकाम्या चुंगड्यांत पुस्तकं भरत होती. तुरी भराव्या तशी, ओंजळीनं नाही तर कवेत घेऊन आणि वरून दाबून. मी विचारलं, "काहून रे बाप्पा, कुठं नेता हे?" त्यातला मोठा म्हणाला, "काकू, कोंडवाड्यात. इथं वायफाय कट्टा होनार हाये. परीक्षेचे पुस्तकं ठेवले. हे बाकीचे कथा-कादंबऱ्या हाये, रद्दीवाला येनार हाये मंग."

पोरांचा दोष नाही, त्यांना सांगितलं तेवढं त्यांनी केलं. मी दळण तिथंच पायरीवर ठेवलं आणि त्यांच्यामागं कोंडवाड्यापर्यंत गेले. तिथल्या छपराची दोन टिनं गेल्या वर्षीच्या वादळात उडाली, ती अजून बसवलेली नाहीत. भिंतीच्या बुडाशी उधईच्या मातीच्या रेघा वर चढलेल्या आहेत. अशा भिंतीला टेकवून अकरा चुंगड्या ठेवल्या. एकीचं तोंड बांधलेलं नव्हतं. सगळ्यात वरच्या पुस्तकाला मी स्वतः मेणकापड चढवलं होतं. ग्रंथपाल काका आजारी होते त्या वर्षी आम्ही तिघी बायकांनी मिळून दोनशे पुस्तकांना कव्हरं घातली होती, त्यातलं ते.

काका गेले तेव्हापासून वाचनालय नीट चालत नव्हतं, हे मला मान्य आहे. कधी उघडं, कधी बंद. पण कुलूप गंजलं म्हणून कोणी घर पाडत नाही.

मी कोण बोलणारी, असा प्रश्न पडेल, म्हणून सांगते. बारावी झाल्यावर लग्न होऊन मी या गावात आले. घरी साडेचार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली तेव्हा बोटांना बोंडाची वाळलेली टोकं लागून रक्त यायचं आणि रात्री झोप यायची नाही. शेजारच्या वहिनीनं मला वाचनालयात नेलं. दहा रुपये अनामत भरून खातं काढलं, खातं क्रमांक 63. त्या दिवशी आणलेली कादंबरी मी चार रात्रींत वाचली. माहेराहून आणलेल्या पेटीत एकही पुस्तक नव्हतं, त्यामुळं सासरी आल्यावर मला पहिल्यांदा 'माझं' असं काही मिळालं ते त्या कपाटातून.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अक्षर ओळखता येत नव्हतं. भारनियमनाच्या काळात रात्री लाइट गेली की मी कंदिलाजवळ बसून वाचायची आणि त्या भिंतीला टेकून सुपारी कातरत बसायच्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "तोंडातल्या तोंडात काय वाचतं वं? मोठ्यानं वाच." तेव्हापासून मी मोठ्यानं वाचायला लागले. एका कादंबरीत एक सून होती. ती भुकेपोटी डब्यातला गूळ चोरून खाते आणि पकडली जाते. ते प्रकरण वाचताना माझा आवाज अडखळला, कारण घरात आमचं दोघींचंही तेव्हा फार बरं चाललं नव्हतं. आत्याबाईंचा अडकित्ता थांबला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भूक लागली असन तिले." एवढंच. दुसऱ्या दिवशी वेचणीला निघताना माझ्या फडक्यात रोजच्यापेक्षा एक भाकर जास्त बांधलेली होती, आणि तिच्यात गुळाचा खडा. त्यावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही. आत्याबाईंना जाऊन आता सहा वर्षं झाली.

ही गोष्ट मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितली नव्हती. पण "कथा-कादंबऱ्या म्हणजे टाइमपास, त्यांचा काय उपयोग" असं तुमच्या सभेत बोललं गेलं, असं ऐकलं, म्हणून सांगावी लागली. कोणी समोर बसवून "सुनेला नीट वागव" असं आत्याबाईंना सांगितलं असतं, तर त्या उठून गेल्या असत्या. गोष्टीनं त्यांना काही सांगितलं नाही. तिनं फक्त त्या उपाशी मुलीपाशी त्यांना पंधरा मिनिटं बसवलं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, हे ठरलं कसं. 1 मेच्या ग्रामसभेत मी हजर होते. विषयपत्रिकेवर वाचनालयाचा विषय नव्हता. त्यानंतर मासिक सभेत ठराव झाला आणि आठवड्यात चुंगड्या भरल्या. हे वाचनालय पंचायतीनं काढलेलं नाही. आपल्या सासऱ्यांच्या पिढीनं घरामागं पाच-पाच किलो कापूस गोळा करून, तो जिनिंगला विकून त्यातून पहिलं कपाट आणलं. ताई, त्या वर्गणीत तुमच्या घरचाही कापूस होता. पुढं ते सरकारमान्य झालं, 'ड' वर्गात बसलं, अनुदान आलं. महाराष्ट्रानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालीच केला, तो अशा गावांसाठीच. दाखल नोंदवहीत 2,317 पुस्तकं आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक आहे. लोकवर्गणीचं आणि सरकारी अनुदानाचं पुस्तक वजनावर विकायचा अधिकार एका मासिक सभेला कसा मिळाला, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

दुसरी तक्रार बायकांची आहे. वाचनालय दुपारी बारा ते चार उघडं असायचं. पेरणी-निंदण नसेल त्या दिवसांत आम्ही जायचो, सकाळची शाळा सुटल्यावर मुली यायच्या. तिथं मुलीनं बसणं कोणाच्या डोळ्यात येत नव्हतं. वायफाय कट्ट्याचं तसं नाही. तो संध्याकाळी भरणार, पानठेल्याला लागून, आणि तिथं कोण बसणार हे तुम्हालाही माहीत आहे. किती घरांत मोबाइल एकच असतो आणि तो घरधन्याच्या खिशात असतो, हे बचत गटाच्या बैठकीत आपणच बोललो होतो. म्हणजे बायकांची आणि मुलींची एक जागा काढून ती दुसऱ्या कोणाला दिली गेली. असा हेतू नसेल, मी तसं म्हणत नाही. पण झालं तसं आहे.

तिसरी तक्रार मोठी आहे आणि तिला जरा वेळ लागेल.

मोबाइलशी माझं वैर नाही. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि आमच्या घरीही स्मार्टफोन आला. ई-पीक पाहणी मी स्वतः बांधावर उभी राहून करते, पावसाचा अंदाज पाहते, तुरीचा भाव पाहते. गावात वायफाय आलं तर मला आनंदच आहे. पण "सगळं मोबाइलवर आहे, पुस्तकं कशाला" हे वाक्य मला पटत नाही, कारण मोबाइलवर काय आहे आणि तिथं आपण काय करतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीचा 2024 चा अहवाल देशभरातल्या ग्रामीण मुलांबद्दल आहे. त्यात 14 ते 16 वर्षांच्या मुलांपैकी 82 टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, असं दिसतं. अशा मुलांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला 57 टक्क्यांनी, आणि समाजमाध्यमांसाठी 76 टक्क्यांनी. आपल्या गावातली मुलं यापेक्षा वेगळी असतील असं मला वाटत नाही.

माझा धाकटा पंधरा वर्षांचा आहे. एका रात्री मी त्याच्या शेजारी बसून मोजलं. दहा मिनिटांत त्यानं अंगठ्यानं 41 व्हिडिओ सरकवले. एक नाच, एक अपघात, एक बाबा, एक बैलजोडी, एक मारामारी, एक बाळ. मी विचारलं, "काय पाहिलंस रे?" त्यानं आठवून पाहिलं आणि त्याला दोन सांगता आले. तो मंद नाही, वर्गात त्याचं गणित चांगलं आहे. ते यंत्रच तसं बनवलेलं आहे. खाली सरकवत जावं तसं नवं येत राहतं, तळ लागतच नाही. ही युक्ती 2006 साली आझा रास्किन नावाच्या अमेरिकी तंत्रज्ञानं काढली आणि पुढं त्यानंच तिच्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप बोलून दाखवला. आपण कोणत्या व्हिडिओवर जरा जास्त थांबलो हे ते यंत्र टिपून ठेवतं आणि तसलाच पुढचा आणून देतं. ज्याला मारामारी आवडते त्याला मारामारी, ज्याला राग येतो त्याला आणखी राग येईल असं काही.

पुस्तकाला वाचणाऱ्याची आवड माहीत नसते. म्हणून ते त्याला नकोशा माणसाजवळही नेऊन बसवतं. मागच्या वर्षी वादळानं तीन दिवस लाइट नव्हती, टॉवरही बंद होता. धाकट्यानं कंटाळून माझ्या उशाशी पडलेली कादंबरी उचलली. पहिल्या दिवशी वीस पानं. तिसऱ्या दिवशी संपवली. जेवताना मला म्हणाला, "आई, थो बाप पोराले मारते, अन् मंग गोठ्यात जाऊन रडते. असं कसं?" त्याचे बाबा समोर जेवत होते. त्यांनी मान खाली घातली, कारण आमच्याकडेही असं एकदा-दोनदा झालेलं आहे. ते म्हणाले, "होते बाबू असं. कर्जाचा घोर असते मानसाले." बाप-लेकात कर्जाचा विषय त्या दिवशी पहिल्यांदा निघाला. आपल्या जिल्ह्यात घरातला माणूस मनातलं बोलत नाही याची किंमत किती घरांनी मोजली आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

गोष्टीत माणूस आतून दिसतो, हे एवढंच मला म्हणायचं आहे. व्हिडिओत मारणारा बाप दिसतो. गोठ्यात जाऊन रडणारा दिसत नाही, कारण तोवर अंगठा सरकलेला असतो.

दोन वर्षांपूर्वीचं धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण आठवा. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरला आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावानं ठरवून टाकलं की चूक कोणाची. आधी काय झालं होतं, धुरा कोणी कोरला होता, त्या बाईला त्या दिवशी ताप होता, हे कळायला महिना गेला. तोवर दोन घरांचं बोलणं बंद झालं, ते आजही बंद आहे. कादंबरी वाचणारा माणूस भांडत नाही असा माझा दावा नाही. पण दोनशे पानं वाचून झाल्यावर ज्याला आपण वाईट समजत होतो त्याची बाजू कळते, असा अनुभव दहा-वीस वेळा आला की माणूस निकाल द्यायला जरा थांबतो. ती सवय व्हिडिओ पाहून लागत नाही.

माझी भाची नागपूरला मानसशास्त्र शिकते. तिनं सांगितलं की 2013 साली न्यू यॉर्कमधल्या दोन संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात यावर लिहिलं होतं. चांगली कथा वाचल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीत माणसं समोरच्याच्या नुसत्या डोळ्यांवरून त्याच्या मनातलं जास्त बरोबर ओळखत होती. पुढं दुसऱ्यांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसाच परिणाम दिसला नाही, हेही तिनं सांगितलं आणि मी ते लपवत नाही. मला त्या प्रयोगाच्या आधारानं बोलायचं नाही. मी आत्याबाईंनी बांधलेली भाकर पाहिली आहे.

परीक्षेच्या पुस्तकांबद्दल. ती ठेवलीत, बरंच झालं. पोलीस भरती, तलाठी भरती करणारी आपली पोरं पहाटे चारला उठून धावतात, त्यांना मान आहे. पण त्यांच्या नावावर गोष्टींची कपाटं रिकामी करू नका. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षाच वर्णनात्मक झाली आहे, त्यात निबंध लिहावा लागतो. चार पर्यायांतून एक निवडून निबंध लिहिता येत नाही. ज्यानं कधी कोणाचं पानभर वर्णन वाचलं नाही, तो पानभर लिहिणार कसा? आणि ज्यांना परीक्षा द्यायचीच नाही अशी माणसं गावात जास्त आहेत. त्यांनी काय वाचायचं?

आणखी एक गोष्ट मनाला लागली. 15 ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जयंतीला आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. मागच्या वर्षीच्या फोटोत तुमच्या हातात, सदस्यांच्या हातात जी पुस्तकं आहेत ती याच कपाटातली, ज्यांना आता रद्दी म्हटलं जातं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पंचायतीवर फलक लागला होता. मराठी भाषेचं विद्यापीठ शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला सुरू झालं आहे. साताऱ्याकडं भिलारला 2017 साली पुस्तकांचं गाव झालं, पुढं ती योजना आपल्या विदर्भात नवेगाव बांधपर्यंत आली. एकीकडं सरकार घराघरांत पुस्तकं मांडून लोकांना बोलावतं आहे, आणि आपण होती ती कोंडवाड्यात घातली.

मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही.

मृगाला थोडे दिवस उरले आहेत. त्याआधी, पहिला पाऊस पडायच्या आत, अकराही चुंगड्या कोंडवाड्यातून काढून कोरड्या जागी हलवा. सध्या दुसरी जागा नसेल तर माझ्या घरची पुढची खोली देते, फवारणीचा पंप आणि खताची पोती मी मागं हलवली आहेत.

रद्दीवाल्याला दिलेला निरोप परत घ्या. दाखल नोंदवही लावून एकेक पुस्तक मोजू द्या. फाटकं किती, धडकं किती, हरवलेलं किती, याची यादी पंचायतीच्या फलकावर लावा. जे खरंच काढून टाकण्यासारखं असेल ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना कळवून, नियमानं काढा.

हॉल एकच आहे, तर वेळ वाटून घेऊ. दुपारी बारा ते पाच वाचनालय, सहानंतर वायफाय. कपाटांना कुलपं असली की झालं. वायफायसाठी कपाटं हलवायची गरज नाही, ते भिंतीवरच्या डब्यातून येतं.

पंचायतीच्या स्वनिधीतून दरवर्षी पुस्तकांसाठी काहीतरी रक्कम ठेवा, कितीही लहान असो, पण त्यातली निम्मी कथा-कादंबऱ्या आणि मुलांच्या गोष्टींसाठी असावी. आणि ठराव पुन्हा ग्रामसभेसमोर आणा. 15 ऑगस्टची वाट पाहायची नसेल तर विशेष ग्रामसभा घ्या. आम्ही बायका येऊ.

माणूस कोण बसणार, असा प्रश्न तुम्ही विचाराल. आपल्या गटातल्या आठ जणींनी होकार दिला आहे. प्रत्येकीचा एक दिवस ठरला, शनिवारी दोघी. शनिवारी शाळा सुटल्यावर पोरांना तासभर मोठ्यानं वाचून दाखवायचं, असंही आम्ही ठरवलं आहे. पहिला शनिवार मी घेईन. मानधन नको. फक्त किल्ली हवी.

ताई, तुम्ही निवडून आलात त्या रात्री आम्ही सगळ्या तुमच्या अंगणात होतो. तुम्ही म्हणाला होतात, बायकांसाठी काही करायचं राहिलं तर मला हक्कानं सांगा. हे हक्कानंच सांगते आहे.

वाचनालयाचं एक पुस्तक माझ्याकडे आहे, दाखल क्रमांक 1148. परत करायची तारीख होऊन गेली. मी दोनदा घेऊन आले तेव्हा कुलूप होतं, तिसऱ्यांदा आले तेव्हा कपाट रिकामं होतं. कपाट पुन्हा भरलं की आणून देते. जो दंड होईल तो भरीन.

आपली,
खातं क्रमांक 63